सावलीची तक्रार

"अहो केबल, तुमचा तो माणूस आमच्या मालिकेत येतोय."

अशी तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा मला हसू आलं. पलीकडच्या बाई मात्र हसण्याच्या बेतात नव्हत्या. त्यांच्या मालिकेतली सून देवघरासमोर रडत होती, आणि तिच्या पाठीमागे, भिंतीतून उमटल्यासारखा, एक फिकट माणूस हात हलवून नको-नको करत होता. "घरात बाळंतीण आहे," बाई म्हणाल्या. "आम्हाला असलं चालायचं नाही. काढा त्याला."

फोन ठेवून मी ह्यांना सांगितलं. "काढायला तो काय गादीतला ढेकूण आहे?" हे म्हणाले, आणि पिशवीत पक्कड-पेचकस टाकून त्या बाईंच्या जिन्यातला अँप्लिफायर बघायला गेले. तो डबा तापला की एका चॅनेलवरचं चित्र दुसऱ्या चॅनेलवर सांडायचं. लाइनच्या टोकाच्या घरांत फारच. धंद्यात त्याला सावली पडणं म्हणतात. सावलीच्या तक्रारी आम्हाला रोजच्याच होत्या, पण एरवी ती सावली कुणाची आहे याच्याशी लोकांना कर्तव्य नसायचं. ह्या सावलीला सगळे ओळखत होते.

आमचं केबल भवानी पेठेत होतं. हे आधी लग्नांचं शूटिंग करायचे. मग परदेशी चॅनेलं आली, तेव्हा गच्चीवर मोठी छत्री बसवली, शेजारी पत्र्याची खोली बांधली आणि गच्च्यांवरून, झाडांवरून, कुणाच्या तरी मोरीच्या पाइपावरून तारा ओढल्या. पत्र्याच्या खोलीला आम्ही कंट्रोल रूम म्हणत असू. हे दिवसभर लाइनवर, म्हणून खोलीत मी. फोन मी घ्यायचे. त्यामुळे पेठेला ह्यांचं नाव कधी कळलंच नाही. हे 'केबल' आणि मी 'केबलवहिनी'. इतक्या वर्षांत लाइट गेली, क्रिकेट दिसत नाही, आवाज चिरका येतो, अशा कारणांसाठी लोकांनी माझा कान खाल्ला. चित्र छान दिसतंय असं सांगायला मात्र एकाही माणसानं कधी फोन केला नाही.

त्या काळी प्रत्येक केबलवाल्याचं एक घरचं चॅनेल असायचं. आमच्या चॅनेलवर दुपारी सिनेमा, गणपतीत मंडळाची आरती, मोहरमला ताबुतांची मिरवणूक, आणि मधूनमधून पेठेच्या बातम्या. उद्या पाणी येणार नाही. अमक्यांचं निधन, अंत्ययात्रा सकाळी निघेल. मांजर हरवली आहे, शेपटीला पांढरा ठिपका. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे हे पैसे घ्यायचे, पण मेलेल्यांचे आणि हरवलेल्यांचे कधी घेतले नाहीत. तो ह्यांचा नियम होता.

त्या नियमावर विसंबूनच खाला एका दुपारी धापा टाकत गच्चीवर आल्या. खाला, साऱ्या पेठेच्या मावशी, आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. नवरा कधीच गेलेला, मुलगी लग्न होऊन कोंढव्याला. स्वतः घरी बसून काज-बटण करायच्या आणि त्यांचा मुलगा शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्टर होता. त्यालाही पेठ नुसतं मास्टरच म्हणायची. कपडा बेतताना खडू कानावर ठेवणारा, कमी बोलणारा, तिशीतला माणूस. तो अस्तर आणि बटणं आणायला म्हणून रविवार पेठेत गेला आणि परत आला नाही. भांडण नाही, कर्ज नाही, कुणाशी वाकडं नाही. पोलिसांत तक्रार देऊन झाली होती.

"फोटो आहे का, खाला?" ह्यांनी विचारलं.

"त्याला फोटोचा लई कंटाळा, बेटा. शाळेतला एक आहे, पण त्याच्यात तो दुसऱ्याचाच पोरगा वाटतो."

ह्यांना आठवलं की खालांच्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग आपणच केलं होतं. टेप शोधली. वाढप्यांच्या गर्दीत पाठमोरा मास्टर दिसतो, एका हातात बिर्याणीचं तबक. मग तो वळतो, कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि मोकळा हात हलवतो, नको, नको. एवढंच. खालांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा माझाच." मग तिथेच जमिनीवर बसल्या. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

ह्यांनी तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा उतरवून एक टेप केली आणि खाली अक्षरं टाकली: हरवले आहेत, दिसल्यास केबलच्या फोनवर कळवावे. रोज दुपारच्या सिनेमाच्या आधी ती लागायची. "खाला, मास्टर घरी येईपर्यंत ही पट्टी निघणार नाही," हे म्हणाले. ह्यांचा स्वभाव असा, की बोलताना तोलून-मापून नाही, आणि बोलल्यावर मग ब्रह्मदेव आला तरी मागे नाही.

सुरुवातीला फोन यायचे. मास्टर कात्रजला सर्पोद्यानापाशी दिसला. मांजरी गावात उसाच्या गाडीवर बसलेला दिसला. प्रत्येक फोनला हे खालांना स्कूटरवर मागे बसवून निघायचे. खाला बुरख्याचा घोळ गच्च धरून बसायच्या आणि जाताना हात वर करून मला दुवा द्यायच्या. कात्रजचा माणूस शेंगा विकणारा निघाला. मांजरीचा तर मास्टरपेक्षा वयानं दुप्पट होता. मग फोन कमी झाले आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की आता मास्टरबद्दल कुणी फोन करतच नाही. येतात त्या फक्त तक्रारी.

रोज तोच माणूस, तेच हसणं, तोच हात. पोरं गल्लीत तसा हात हलवून एकमेकांना भिववू लागली. मोठी माणसं म्हणू लागली, दुपारी त्याचं तोंड पाहिलं की कामं होत नाहीत. एकानं तर शपथेवर सांगितलं, की टीव्ही बंद केल्यावरही तो थोडा वेळ काचेत राहतो. मी त्याला वेड्यात काढलं. पण खरं सांगते, मलाही तो खोलीत असल्यासारखा वाटायचा. कंट्रोल रूममध्ये पाठ करून बसले की मानेवर जाणवायचं, मागे कुणी तरी वळतंय. मी टेप लावायला बटणाकडे हात न्यायची आणि डोळ्यांपुढे आधीच त्याचा हात यायचा, नको. एकदा मंडईत एक माणूस पाठमोरा दिसला, भाजीवाल्याला हातानं नको म्हणत होता. मी मेथीची जुडी तिथेच टाकली आणि "मास्टर!" करून ओरडत गर्दीतून धावले. तो वळला. कुणी भलताच होता, आणि मला म्हणाला, "बोला ताई." मी उलट्या पावली घरी आले.

लग्नाची मूळ टेप बुरशी लागून गेली होती आणि ही टेप झिजत होती. झिजली की हे तिची नवी प्रत काढायचे, आणि प्रतीची प्रत काढताना दर वेळी थोडा मास्टर कमी व्हायचा. आधी डोळ्यांतली चमक गेली, मग तोंडावरचा रंग लालसर होऊन पसरला. खाला ओळखायच्या. वाटेत भेटल्या की म्हणायच्या, "आज तो जरा उतरलेला दिसला." आजारी मुलाबद्दल बोलावं तसं. मी म्हणायची, "हो खाला, लाइनमध्ये प्रॉब्लेम होता."

मग सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. आता सिग्नल एका मोठ्या कंपनीकडून यायचा, कुणी काय पाहायचं ते तिकडे ठरायचं. आमच्याकडे उरलं काय, तर बॉक्स बसवायचे, तारा सांधायच्या, वसुली करायची आणि शिव्या खायच्या. "सासरी नांदायला गेलोय," हे म्हणायचे, "आता फक्त कुंकू लावायचं राहिलंय." महापालिकेची माणसं येऊन रस्त्यावरून गेलेल्या तारा कापायची. आम्ही जोडायचो. शेजारच्या भागातला केबलवाला अंधारात आमच्या तारा कापायचा, त्याही जोडायचो. पण गिऱ्हाईकच कापलं गेलं, त्याला कुठली पक्कड लावणार? कुणी स्वतःची छोटी छत्री घेतली, कुणाच्या मुलानं खराडीत फ्लॅट घेतला आणि आईबापांना नेलं, उरलेले मोबाइलमध्ये तोंड घालून बसले.

घरचं चॅनेल कंपनीनं बंद करायला सांगितलं. जुनी यंत्रंही काढून टाका म्हणाले. ह्यांनी सगळी काढली, एवढी एक लाइन सोडून. गच्चीवरून निघून थेट खालांच्या घरात जाणारी. तिच्यावर बॉक्स नाही, कंपनी नाही, काही नाही. जुना व्हीसीआर, जुना अँप्लिफायर, खालांचा जुना टीव्ही. रोज दुपारी हे जिने चढून टेप लावायचे. व्हीसीआर बिघडला की जुन्या बाजारातून दुसरा शोधून आणायचे.

आमचा मुलगा, तोही खराडीलाच नोकरीला, एकदा म्हणाला, "बाबा, ऑडियन्स एक. आणि तीही त्याची आई. तिला ऑलरेडी माहितीये तो कसा दिसतो. सापडणार कसा तो?"

"तुला कोण विचारतंय?" हे म्हणाले. पण नंतर जेवताना घास हातात धरून बसले. मुलगा बरोबर बोलला होता. ज्या एका घराला मास्टरची ओळख पटवायची गरज नव्हती, तेवढ्याच घरात तो आता दिसत होता. हे मला म्हणाले, "मी बंद केली तर ती समजेल की तो संपला. ते मी तिला सांगणार नाही. दुसऱ्या कुणी सांगायचं तर सांगो."

ते सांगायच्या आधी हेच गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच गेले. माझ्या खांद्यावर डोकं होतं. मला वाटलं, झोप लागली. त्यांच्या निधनाची बातमी द्यायला आमच्याकडे चॅनेल नव्हतं. पेठेतल्या निम्म्या लोकांना नंतर कळलं.

दिवस झाले, पाहुणे गेले आणि त्या दुपारी माझे पाय आपोआप गच्चीकडे वळले. मी टेप लावली. का लावली, तर ह्यांचा शब्द होता म्हणून, आणि खालांना एकाच महिन्यात दोन माणसं गेल्यासारखं वाटू नये म्हणून. मग रोज चढू लागले. गुडघे बोलायला लागले होते. मुलगा म्हणायचा, "आई, तू खराडीला ये ना, लिफ्ट आहे." मी म्हणायची, "येईन रे, खाला आहेत तोवर जमायचं नाही." खोलीत मी एकटी. मॉनिटरचा आवाज ह्यांनी फार पूर्वीच तोडून ठेवला होता, कारण सगळ्या चॅनेलांचा गलका कानांवर आदळायचा. तेव्हा मुका मास्टर वळायचा, मुका हसायचा, आणि मला दुपारी उन्हातसुद्धा काटा यायचा. आता तर त्याचा चेहरा गेलाच होता. कपाळ, नाक, हसू, सगळं पांढऱ्या भुरभुरीत विरलं होतं. दिसायचा तो हात. नुसता हात हलायचा, नको, नको.

मग इमारतीच्या मालकांनी सांगितलं, की गच्चीवर मोबाइलचा टॉवर येणार आहे, पत्र्याची खोली रिकामी करा. मुदत दिली होती, तीही पुरेशी. भांडायला जागाच ठेवली नाही त्यांनी. मला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःचा राग आला. ह्यांनी जे सांगायचं टाळलं होतं, ते आता मला सांगायचं होतं.

मी टेप लावून ठेवली आणि खाली उतरून खालांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत त्या वेळी मी त्यांच्याकडे कधी गेलेच नव्हते, कारण त्या वेळी मी वर तरी असायची, नाही तर फोनपाशी. दार उघडंच होतं. पडद्याला हात लावला आणि आतून आवाज आला.

"मास्टर, इकडे बघा की जरा! लाजताय काय नवरीसारखे!"

आणि मग हसू, आणि हसता हसता आलेला तो कोरडा खोकला.

हे होते. माझे हे. कॅमेरा ह्यांच्याच खांद्यावर होता, हाक ह्यांनीच मारली होती. पूर्वी मी ती ऐकली असणारच, पण तेव्हा तो आवाज दिवसभर घरात असायचा, त्याच्याकडे कोण लक्ष देतं? मी चौकट धरली. आत पुन्हा, "मास्टर, इकडे बघा की जरा!" पुन्हा खोकला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

खाला टीव्हीकडे पाठ करून बसल्या होत्या. मांडीवर कुणाचा तरी ब्लाउज, हातात हुक. बोटांनी चाचपून टाचत होत्या. "कोण? केबलवहिनी?" त्या म्हणाल्या. "ये, बस. चालू आहे तुझा माणूस."

"खाला, तुम्ही बघत नाही?"

"दिसतंय कुठं, बेटा. डोळे गेले, आणि तोही गेला पडद्यावरून. आवाज तेवढा आहे." त्यांनी दोरा दाताखाली धरून तोडला. "एक सांगू? तुझ्या माणसाला मी सांगणार होते, आता बंद कर. मुलगी कोंढव्याला बोलावते, नातवंडं बोलावतात. पण रोज दुपारी पोरगा येतो आणि हात हलवतो. नको, नको. आई झाले म्हणून काय, मला भीती वाटत नाही? मला वाटायचं, हा मलाच सांगतोय, नको शोधू. पण तुझ्या माणसाचं सगळं गेलं, ही एकच लाइन राहिली. तिला नको कसं म्हणायचं? म्हटलं, राहू दे. त्याचं एक तरी गिऱ्हाईक असावं."

मी खाली बसले.

"मग तो गेला," खाला म्हणाल्या. "वाटलं, आता बंद होणार. तर एका दुपारी पुन्हा आवाज. मी समजले, तू लावतेस. त्याचा आवाज ऐकायला लावतेस. मग मी तर कोंढव्याचं नावच काढलं नाही. बाईकडून तिच्या माणसाचा आवाज कसा काढून घेऊ?"

"खाला, वर आवाज नाही हो," मी म्हटलं. "मी आत्ता ऐकला. मी तुमच्यासाठी चढत होते."

खालांनी चाचपडत माझा हात शोधला आणि दाबला. मागे हे मास्टरला हाक मारत होते आणि मास्टर नको म्हणत होता. आम्ही दोघी तशाच, टेप संपेपर्यंत. संपल्यावर मी टॉवरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हं." बोटांनी ब्लाउजची कड एकदा चाचपली. मग म्हणाल्या, "टेप तुझ्याकडे ठेव. आणि शेवटच्या दिवशी आवाज जोडून ऐक. पोटभर ऐक."

शेवटच्या दिवशी मुलाला बोलावून मी मॉनिटरचा आवाज जोडून घेतला आणि त्याला खाली पाठवलं. टेप लावली. पांढऱ्या भुरभुरीतून हात आला. हाक आली, हसू आलं, खोकला आला. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मास्टरची भीती वाटली नाही. तो कुणाला तरी नको म्हणत होता, आणि ते कुणीतरी माझंच माणूस होतं. मी रडले, आणि थोडी हसलेही, कारण हे कुणालाही असंच छळायचे.

टेप अजून चालू होती तेव्हा फोन वाजला. तक्रारीचाच नंबर, तो मी कधी बदलला नव्हता. सवयीनं म्हटलं, "बोला, केबल."

"मी बोलते, बेटा," खाला म्हणाल्या. मागे त्यांच्या घरातही हे हाक मारत होते, माझ्या खोलीतल्या हाकेच्या बरोबरीनं. "चित्र एकदम साफ आहे. सावली नाही, काही नाही. माझा पोरगा स्वच्छ दिसतोय."

माझ्या समोर पडद्यावर एक हात तेवढा होता.

"आता बंद कर," खाला म्हणाल्या.

मी "बरं" म्हटलं, कुठल्याही तक्रारीला म्हणायची तसंच, आणि बटण दाबलं.